लॉनी बंच

लॉनी जी. बंच तिसरे (जन्म: १८ नोव्हेंबर १९५२, न्यूअर्क, न्यू जर्सी) हे अमेरिकन इतिहासकार, संग्रहालय-अभिरक्षक आणि अध्यापक आहेत. वॉशिंग्टन येथील आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे ते संस्थापक संचालक होत. २००५ मध्ये त्यांनी हे पद स्वीकारले तेव्हा संग्रहालयाजवळ जागा, इमारत वा संग्रह यांपैकी काहीही नव्हते. ११ वर्षांनी, २४ सप्टेंबर २०१६ रोजी, ते जनतेसाठी खुले झाले. १६ जून २०१९ रोजी बंच यांनी स्मिथसोनियन संस्थेच्या सचिवपदाची सूत्रे हाती घेतली. या संस्थेत सचिव हा सर्वोच्च कार्यकारी अधिकारी असतो. बंच हे चौदावे सचिव असून या पदावर आलेले पहिले आफ्रिकन अमेरिकन आणि पहिले इतिहासकार आहेत.

अभिरक्षक आणि सार्वजनिक इतिहास

अभिरक्षक म्हणजे संग्रहालयातील वस्तूंची निवड, नोंद, जतन आणि मांडणी यांस जबाबदार असलेला तज्ज्ञ. मराठी शब्दात रक्षणाचा अर्थ ठळक दिसतो, परंतु रक्षण हा या कामाचा अर्धाच भाग आहे. वस्तू कोणाची होती, ती कोणाकडून कोणाकडे गेली, ती खरी कशावरून, याचा शोध घेणे, आणि उभ्या उभ्या वाचता येईल इतक्या थोड्या शब्दांत तिची हकीकत लिहिणे, ही कामेही त्याचीच. संग्रहालयात येणारा मनुष्य परीक्षेसाठी येत नाही. कंटाळा आला की तो पुढच्या दालनात जातो. वर्गातील शिक्षकाला असा श्रोता क्वचितच भेटतो.

विद्यापीठाबाहेर, म्हणजे संग्रहालये, अभिलेखागारे, ऐतिहासिक वास्तू, माहितीपट इत्यादींच्या माध्यमांतून सर्वसामान्य लोकांसाठी आणि पुष्कळदा त्यांच्याच सहभागाने केल्या जाणाऱ्या इतिहासकार्याला ‘सार्वजनिक इतिहास’ म्हणतात. हे काम फार जुने असले, तरी अभ्यासविषय म्हणून त्याला या नावाने ओळखले जाऊ लागले ते १९७६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा शाखेत इतिहासकार रॉबर्ट केली यांनी सुरू केलेल्या अभ्यासक्रमामुळे. बंच यांची कारकीर्द त्यानंतर दोनच वर्षांनी सुरू होते.

बालपण आणि शिक्षण

बंच यांचे बालपण न्यूअर्कलगतच्या बेलव्हिल या गावात गेले. आईवडील दोघेही शिक्षक होते. गावात कृष्णवर्णीय कुटुंबे जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे कोणी आपल्याशी चांगले वागते तर कोणी वाईट, याचे कारण शोधण्याच्या गरजेतून आपण इतिहासाकडे वळलो, असे बंच यांनी अनेकदा सांगितले आहे.

त्यांच्या आजोबांची एक आठवणही ते वारंवार सांगतात. आजोबा नातवाला पुस्तके वाचून दाखवीत. एकदा शाळकरी मुलांचे एक जुने छायाचित्र निघाले. त्याखाली नावे नव्हती. ही मुले अज्ञात आहेत एवढेच छापलेले होते. माणसे जगतात, मरतात आणि मागे ‘अज्ञात’ एवढीच ओळख उरते, याची खंत आजोबांनी बोलून दाखवली. बंच पाच वर्षांचे होण्याच्या आदल्या दिवशी आजोबा वारले. त्या मुलांचे पुढे काय झाले असेल, हा प्रश्न मात्र नातवाच्या मनात राहिला.

उच्च शिक्षणासाठी ते प्रथम वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आणि नंतर त्याच शहरातील अमेरिकन विद्यापीठात गेले. तेथून त्यांनी पदवी, पदव्युत्तर पदवी आणि १९८४ मध्ये इतिहासातील पीएच.डी. संपादन केली.

अध्यापन आणि पहिली प्रदर्शने

विद्यार्थिदशेतच, १९७८ मध्ये, बंच स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात शिक्षणविभागात रुजू झाले. त्याच सुमारास ते अमेरिकन विद्यापीठात शिकवीत होते. १९७९ ते १९८१ या काळात त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेत अध्यापन केले. पुढे १९८९ ते २००० अशी ११ वर्षे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात संग्रहालयविद्येचे अध्यापन आणि स्मिथसोनियनमधील नोकरी ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी केली. एखाद्या वस्तूवरून निर्माण झालेला वाद वर्गात मांडायचा आणि वर्गातील शंका घेऊन प्रदर्शनाकडे पाहायचे, ही सोय त्यांना त्यामुळे मिळाली.

१९८३ मध्ये ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया आफ्रो-अमेरिकन संग्रहालयाचे पहिले अभिरक्षक झाले. पुढच्याच वर्षी त्या शहरात ऑलिंपिक स्पर्धा भरणार होत्या. हे निमित्त साधून बंच यांनी १९०४ ते १९८४ या काळातील कृष्णवर्णीय ऑलिंपिकपटूंवर प्रदर्शन उभे केले. त्यानंतरचे १८५० ते १९५० या काळातील लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय रहिवाशांवरील प्रदर्शन अधिक महत्त्वाचे मानावे लागेल. ज्यांच्याविषयी ग्रंथांत फारसे लिहिलेले नाही, अशांचा इतिहास त्यांच्याच घरांतील वस्तूंवरून कसा उभा करता येतो, हे तेथे दिसले.

१९८९ मध्ये बंच स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात परतले आणि १९९४ मध्ये अभिरक्षण विभागाचे सहयोगी संचालक झाले. त्याच वर्षी जपानमध्ये भरलेल्या अमेरिकन महोत्सवासाठी त्यांनी अमेरिकेच्या इतिहासावरील मोठे प्रदर्शन सिद्ध केले. २००० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या इतिहासावरील कायमस्वरूपी दालन उभारणाऱ्या गटाचे ते एक प्रमुख होते.

याच काळात दक्षिण कॅरोलिना राज्यातील जॉर्जटाउनजवळ भाताच्या एका जुन्या मळ्यावर त्यांची एका वृद्ध शेतमजुराशी भेट झाली. मळ्यावरील गुलामांच्या झोपड्यांतील जीवन त्या वृद्धाने आपल्या आजीकडून ऐकले होते. संग्रहालयात तुम्ही नेमके काय करता, असे त्याने विचारले. लोकांना जे आठवायला आवडते तेवढेच नव्हे, तर जे आठवणे त्यांना आवश्यक आहे तेही आठवून देणारे काम असेल तर ते चांगले काम, अशा आशयाचे काही तो बोलला. बंच यांच्या भाषणांतून आणि लेखांतून हा विचार पुनःपुन्हा येतो.

मात्र ‘आवश्यक’ काय हे ठरवायचे कोणी, या प्रश्नावरून खडाजंगी होऊ शकते, हेही त्यांनी तेव्हाच जवळून पाहिले. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या ‘एनोला गे’ विमानाचे प्रदर्शन हवाई व अंतराळ संग्रहालयाने योजले होते. माजी सैनिकांच्या संघटना आणि काँग्रेसचे सदस्य यांच्या विरोधामुळे जानेवारी १९९५ मध्ये ते मूळ स्वरूपात रद्द करावे लागले. अमेरिकेतील संग्रहालयकर्मींच्या एका संपूर्ण पिढीवर या प्रकरणाचा परिणाम झाला.

२००१ मध्ये बंच शिकागो ऐतिहासिक संस्थेचे अध्यक्ष झाले. संस्थेच्या नूतनीकरणासाठी निधी उभा करणे आणि शहरातील किशोरवयीनांना हाताशी धरून त्यांच्याच वयोगटाचा इतिहास मांडणे, ही तेथील चार वर्षांतील प्रमुख कामे होत.

राष्ट्रीय संग्रहालयाची उभारणी

अमेरिकेच्या राजधानीत कृष्णवर्णीयांच्या कार्याचे स्मारक व्हावे, ही मागणी १९१५ पासूनची आहे. यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी ती प्रथम केली. १९२९ मध्ये तसा ठरावही झाला, परंतु सरकारने पैसा दिला नाही आणि पाठोपाठ महामंदी आली. १९८८ पासून नागरी हक्क चळवळीतील नेते व काँग्रेस सदस्य जॉन लुईस यांनी यासाठीचे विधेयक चिकाटीने पुनःपुन्हा मांडले. अखेर डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या स्वाक्षरीने कायदा झाला. निम्मा खर्च सरकारने करावा आणि निम्मा देणग्यांतून उभा राहावा, असे ठरले. (अमेरिकेतील गुलामगिरीच्या प्रश्नाशी मराठी वाचकाचा परिचय जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, तेथील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांनाच अर्पण केले होते.)

जुलै २००५ मध्ये बंच कामावर रुजू झाले तेव्हा त्यांच्याबरोबर एकच सहकारी होती. पहिल्या दिवशी कार्यालयाला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडेच मिळेना. शेवटी एका कामगाराकडून पहार मागून घेऊन संचालकांनी स्वतःच्याच कार्यालयाचे दार फोडले. हा प्रसंग त्यांनी आपल्या पुस्तकात मिश्किलपणे सांगितला आहे.

इमारतीची वाट न पाहता संग्रहालय सुरू करायचे, हा त्यांचा आरंभीचा एक महत्त्वाचा निर्णय. २००७ मध्ये लोकांना आपल्या आठवणी नोंदवता येतील असे संकेतस्थळ तयार झाले. त्याच वर्षी छायाचित्रांचे प्रदर्शन भरले आणि पुढे राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात एक दालन मिळवून प्रदर्शनांची मालिकाच सुरू झाली. त्यांतील २०१२ चे प्रदर्शन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक थॉमस जेफर्सन यांच्या माँटिचेलो येथील मळ्यावरील गुलामगिरीविषयी होते. सर्व माणसे समान आहेत असे लिहिणाऱ्या या पुरुषाने हयातीत सहाशेहून अधिक माणसांना गुलाम म्हणून ठेवले होते. ही विसंगती गोऱ्या-काळ्या प्रेक्षकांना कितपत पेलते, याचा अंदाज बंच यांना मोठ्या संग्रहालयाच्या आधीच घेता आला.

वस्तूंचा शोध

सर्वांत कठीण प्रश्न वस्तूंचा होता. गुलामांच्या मालकीचे मुळात फार थोडे असे आणि जे असे ते जपून ठेवण्याजोगे मानले जात नसे. नंतरच्या पिढ्यांकडे जे उरले ते घरांच्या माळ्यांवर, तळघरांत आणि ट्रंकांत पडून होते. ते सरकारी संस्थेच्या हाती द्यावे इतका विश्वास तरी लोकांनी का ठेवावा? वर्षानुवर्षे मोठ्या संग्रहालयांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते.

यावर बंच यांनी काढलेला मार्ग म्हणजे २००८ मध्ये शिकागोपासून सुरू झालेला, कुटुंबांकडील ठेवा वाचवण्याचा उपक्रम. शहरोशहरी, सार्वजनिक ग्रंथालयांसारख्या ठिकाणी संग्रहालयाचे तज्ज्ञ बसत. लोकांनी घरातील जुनी वस्तू घेऊन यावे. जुने छायाचित्र, आजीची रजई, कापडाचा तुकडा कसा ठेवावा, कशात गुंडाळावा, उन्हापासून कसा जपावा, हे त्यांना शिकवले जाई. वस्तू मागण्याची घाई केली जात नसे. वस्तू आधी कुटुंबात टिकावी, मग स्थानिक संग्रहालयात जावी आणि त्यानंतर राष्ट्रीय संग्रहालयाचा विचार व्हावा, असा क्रम होता. पहिल्याच मेळाव्यात रेल्वेच्या पुलमन डब्यातील कृष्णवर्णीय सेवकाची दुर्मीळ पांढरी टोपी मिळाली. बंच यांच्या सांगण्यानुसार पुढे जमलेल्या सुमारे ४०,००० वस्तूंपैकी मोठा भाग अशा घरगुती ठेव्यांतूनच आला. आधी शिकवायचे आणि त्यातून संग्रह वाढू द्यायचा, ही पद्धत अध्यापकाला शोभणारी आहे.

गुलामगिरीतून स्वतः निसटून इतरांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्या ३९ वस्तू फिलाडेल्फियाचे संग्राहक चार्ल्स ब्लॉकसन यांनी दिल्या. त्यांत राणी व्हिक्टोरियाने भेट दिलेली रेशीम व लिननची शाल आणि टबमन यांचे भक्तिगीतांचे पुस्तक आहे. १८३१ मध्ये व्हर्जिनियात गुलामांच्या उठावाचे नेतृत्व करणाऱ्या नॅट टर्नर यांचे बायबल त्या उठावातून वाचलेल्या एका गोऱ्या स्त्रीच्या वंशजांकडून मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या ते त्या घरात होते. दक्षिण कॅरोलिनातील एडिस्टो बेटावरची गुलामांची एक झोपडी फळी-फळी सुटी करून वॉशिंग्टनला आणली गेली आणि संग्रहालयात पुन्हा उभी केली गेली.

एमेट टिलची शवपेटी

शिकागोचा १४ वर्षांचा मुलगा एमेट टिल ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला असता, गोऱ्या स्त्रीशी आगाऊपणा केल्याच्या आरोपावरून त्याची निर्घृण हत्या झाली. त्याची आई मॅमी टिल-मोबली यांनी शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. आपल्या मुलाचे काय केले हे जगाने पाहावे, अशी त्यांची भूमिका होती. हजारो लोकांनी ते दर्शन घेतले. आरोपींना केवळ गोऱ्यांचा भरणा असलेल्या पंचांनी निर्दोष सोडले. नागरी हक्क चळवळ पेटण्यामागे या घटनेचा मोठा वाटा मानला जातो.

शिकागोत असताना बंच यांची या मातेशी ओळख झाली होती. एमेटच्या स्मृतीचे ओझे आपण इतकी वर्षे वाहिले, आता ते कोण वाहणार, अशी काळजी त्यांनी बंच यांच्यापाशी व्यक्त केली होती. जानेवारी २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. २००५ मध्ये तपासासाठी एमेटचे शव बाहेर काढून नव्या पेटीत पुन्हा दफन करण्यात आले. मूळ पेटी २००९ मध्ये दफनभूमीच्या एका छपरात गंजत पडलेली आढळली आणि कुटुंबीयांनी ती संग्रहालयाला देऊ केली.

ती स्वीकारावी की नाही, याविषयी बंच साशंक होते. मृत मुलाची शवपेटी ही प्रेक्षकांच्या कुतूहलाची वस्तू होऊ देणे हा त्या मुलाचा अपमान ठरेल; न स्वीकारल्यास ती नष्ट होईल आणि तिच्याबरोबर आईने हेतुपूर्वक जगासमोर ठेवलेला पुरावाही जाईल. पेटी घेण्यात आली, तिचे जतन झाले, पण ती प्रदर्शित करायचीच असे आरंभी ठरवले गेले नव्हते. शेवटी चर्चमधील अंत्यदर्शनाची आठवण करून देणाऱ्या एका वेगळ्या शांत दालनात तिला जागा देण्यात आली. तेथे छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. वस्तू कशी दाखवावी यापूर्वी ती दाखवावी का, हा प्रश्न विचारावा लागतो, याचे उदाहरण म्हणून संग्रहालयविद्येच्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण अवश्य अभ्यासावे.

समुद्रतळाचे अवशेष

गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजाचा एखादा तरी अस्सल अवशेष हवा, असा बंच यांचा आग्रह होता. त्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील इझिको संग्रहालये, जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठ आणि इतर संस्थांच्या सहकार्याने शोध घेण्यात आला. ‘साओ जोसे’ हे पोर्तुगीज जहाज मोझांबिकमधून चारशेहून अधिक बंदिवान घेऊन ब्राझीलकडे निघाले असता डिसेंबर १७९४ मध्ये केप टाउनजवळ खडकांवर आपटून फुटले. सुमारे निम्मे बंदिवान बुडाले. जे वाचले त्यांना पुन्हा विकण्यात आले. अवशेष पूर्वीच सापडले होते, पण ते दुसऱ्याच जहाजाचे समजले जात. केप टाउनच्या अभिलेखागारात कप्तानाची जबानी मिळाली आणि ओळख पटत गेली. मोठा पुरावा होता तो लोखंडाच्या लगडींचा. जिवंत माणसांचे वजन इतर मालापेक्षा कमी आणि हलते असल्यामुळे जहाजाचा तोल राखण्यासाठी अशा लगडी तळाशी ठेवीत. गुलामांच्या व्यापाराचे याहून बोलके साधन क्वचितच असेल, आणि पाहायला तो नुसता गंजका लोखंडाचा तुकडा आहे.

जून २०१५ मध्ये हा शोध जाहीर झाला. त्या प्रसंगी मोझांबिकमधील स्थानिक प्रमुखाने कवड्यांनी मढवलेल्या पात्रातून आपल्या भूमीची माती दिली. जहाज बुडाले त्या ठिकाणी ती पाण्यात अर्पण करण्यात आली. बुडालेल्यांना निदान आपल्या मातीचा स्पर्श व्हावा, ही त्यामागची भावना होती.

इमारत आणि उद्घाटन

वॉशिंग्टन स्मारकालगतची पाच एकर जागा २००६ मध्ये निश्चित झाली. डेव्हिड अजाये, फिलिप फ्रीलन आणि मॅक्स बाँड यांच्या संस्थांसह चार वास्तुसंस्थांच्या गटाने आराखडा केला. कांस्यरंगी जाळीच्या तीन टप्प्यांची बाह्यरचना पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या कोरीव खांबांवरून सुचलेली आहे. निम्म्याहून अधिक इमारत जमिनीखाली आहे. प्रेक्षक उद्‌वाहनाने थेट तळाशी, पंधराव्या शतकात, उतरतात आणि गुलामांच्या व्यापारापासून पायी वर चढत वर्तमानाकडे येतात. विभक्त आसनव्यवस्था असलेला रेल्वेचा डबा इतका मोठा होता, की तो २०१३ मध्ये आधी क्रेनने खाली ठेवून मग त्याच्याभोवती इमारत बांधावी लागली.

एकूण खर्च सुमारे ५४ कोटी डॉलर आला. उद्घाटनाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्यासह ९९ वर्षांच्या रूथ ओडम बॉनर यांनी घंटा वाजवली. त्यांचे वडील गुलाम म्हणून जन्मलेले होते. गुलामगिरी ही किती जवळची गोष्ट आहे, हे सांगायला त्या दिवशी वेगळ्या भाषणाची गरज नव्हती.

संग्रहालय केवळ कृष्णवर्णीयांसाठी आहे, ही समजूत बंच यांनी सुरुवातीपासून खोडून काढली. एका समाजाच्या अनुभवातून संपूर्ण राष्ट्राकडे पाहणे, हा त्यांचा दृष्टिकोन आहे. त्यामुळे यातना आणि अन्याय यांच्या शेजारीच संगीत, क्रीडा, लष्करी सेवा आणि गायक चक बेरी यांची लालभडक कॅडिलॅक गाडीही येथे आहे.

स्मिथसोनियनचे सचिवपद

सचिव म्हणून बंच यांच्याकडे १९ संग्रहालये, राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय आणि अनेक संशोधनकेंद्रांची जबाबदारी आली. काही महिन्यांतच कोविडच्या साथीमुळे सर्व संग्रहालये बंद करावी लागली. २०२० च्या अखेरीस स्त्रियांच्या इतिहासाचे आणि लॅटिनो समाजाचे अशा दोन नव्या संग्रहालयांना काँग्रेसने मान्यता दिली.

त्यांच्या कारकिर्दीतील एक महत्त्वाचा निर्णय २०२२ मधील आहे. एखादी वस्तू कायद्याने संस्थेची असली, तरी ती मुळात अन्यायाने मिळवलेली असल्यास परत करता यावी, असे धोरण त्या वर्षी ठरले. त्यानुसार १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने लुटलेल्या बेनिनच्या २९ शिल्पाकृती नायजेरियाकडे सुपूर्द करण्यात आल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी, बहुधा संमतीवाचून जमवलेल्या मानवी अवशेषांबद्दल २०२३ मध्ये बंच यांनी संस्थेच्या वतीने जाहीर माफी मागितली. आयुष्यभर वस्तू मिळवण्याचे काम केलेल्या अभिरक्षकाने वस्तू परत करण्याचे नियम घालून द्यावेत, हे लक्षणीय आहे.

मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशात स्मिथसोनियनवर फूट पाडणाऱ्या, वंशकेंद्री विचारसरणीचा प्रभाव असल्याचे म्हटले होते आणि आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाचा नावाने उल्लेख होता. ऑगस्टमध्ये आठ संग्रहालयांतील प्रदर्शने व लेखी मजकूर यांची तपासणी करण्याविषयी बंच यांना अधिकृत पत्र पाठवण्यात आले. संस्था आपले परीक्षण आपण करील आणि तिची स्वायत्तता अबाधित राहील, अशी भूमिका त्यांनी सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत घेतली.

ग्रंथ आणि सन्मान

‘कॉल द लॉस्ट ड्रीम बॅक’ (२०१०) हा इतिहास, वंश व संग्रहालये यांवरील त्यांच्या निबंधांचा संग्रह आहे. ‘अ फूल्स एरंड’ (२०१९) या पुस्तकात राष्ट्रीय संग्रहालयाच्या उभारणीची हकीकत आहे. शीर्षकाचा अर्थ साधारणपणे ‘वेड्याची वणवण’ असा करता येईल. निधी मागण्याच्या बैठका, समित्या, चुकलेले अंदाज आणि वस्तू देणाऱ्या माणसांच्या घरी घालवलेल्या संध्याकाळी यांचे वर्णन त्यात सारख्याच आस्थेने येते. संग्रहालयाच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला दोहोंपैकी एकच वाचायचे असेल, तर हे दुसरे अधिक उपयोगी आहे.

२००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आणि २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांची व्हाइट हाउसच्या जतनविषयक समितीवर नेमणूक केली. २०१७ मध्ये ते अमेरिकन कला व विज्ञान अकादमीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांना हार्वर्ड विद्यापीठातर्फे दिले जाणारे डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस पदक मिळाले. सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठीचा डॅन डेव्हिड पुरस्कार (२०२०, बार्बरा कर्शेनब्लाट-गिंब्लेट यांच्यासह) आणि फ्रान्सचा ‘लेजिओं द’ऑनर’ (२०२१) हे त्यांना लाभलेले इतर सन्मान होत.